तालिकेतील अक्षर आणि मराठी ग्रंथाचा शोध

ग्रंथालयाच्या तालिकेचे कार्य वरवर पाहता साधे असते. वाचकाला ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्त्याचे नाव किंवा विषय यांपैकी एखादी गोष्ट ठाऊक असावी आणि तेवढ्यावरून तो ग्रंथ संग्रहात आहे की नाही, असल्यास कोठे आहे, हे त्याला कळावे, इतकाच तिचा हेतू. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा आणि ह्या भेटीत वाचकाचा वेळ व्यर्थ जाऊ नये, ही अपेक्षा शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच नियमांत मांडली. विद्यापीठीय ग्रंथालयांत लाकडी खणांतील तालिकापत्रांची जागा संगणकाने घेतल्यावर ही अपेक्षा अधिक सुलभपणे पुरी व्हावयास हवी होती. इंग्रजी ग्रंथांच्या बाबतीत बहुतांशी तसे झालेही. मराठी ग्रंथांच्या बाबतीत मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली, आणि ती यंत्राची नसून भाषेची आहे.

खणातील पत्रे चाळणारा वाचक डोळ्यांनी शोधत असे. ‘साधने’ शोधताना ‘साधनें’ हे पत्र पुढे आले, तर तो त्यावरच थांबे. त्याला मुद्दाम काही सांगावे लागत नसे. संगणक अक्षर पाहत नाही. तो अक्षरामागील संकेतांक पाहतो. दोन शब्दांचे संकेतांक जुळले नाहीत की त्याच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होत. मग ग्रंथ कपाटात असूनही उत्तर येते : एकही नोंद नाही.

ह्या अडचणीची सुरुवात रोमन लिपीपासून होते. अमेरिकेतील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६०नंतरच्या दशकात ‘मार्क’ ही यंत्रवाच्य नोंदपद्धती तयार झाली व पुढे ती जगभर रूढ झाली. तिचा मूळ आराखडा रोमन अक्षरांचा असल्याने भारतीय भाषांतील ग्रंथांची नावे दीर्घकाळ लिप्यंतर करूनच नोंदली गेली. शास्त्रीय लिप्यंतरात अक्षरांच्या वर-खाली चिन्हे असतात. ती गळाली की ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मान’ आणि ‘माण’ यांतील भेद नाहीसा होतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘राजवाडे’ ह्या नावातील ‘ज’मधला ‘अ’ लेखनात असतो, उच्चारात नसतो. शास्त्रीय लिप्यंतर लेखनाला अनुसरून तो ‘अ’ दाखविते. मराठी माणूस रोमन लिपीत नाव लिहिताना उच्चाराला अनुसरून तो वगळतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि म्हणूनच त्यांची गाठ पडत नाही. पुढे ‘मार्क’मध्ये ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात मूळ लिपीतील नोंद समांतर ठेवण्याची सोय झाली, तेव्हा हा दोष पुष्कळ अंशी दूर करणे शक्य झाले.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली निश्चित झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. विद्यापीठीय ग्रंथालये परस्परांशी जोडण्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’चे कार्यही १९९१मध्येच सुरू झाले. ह्या संस्थेच्या ‘सोल’ प्रणालीच्या २००९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडची सोय असल्याने नोंद थेट देवनागरीत करता येऊ लागली. परंतु लिपी आली म्हणजे एकरूपता आली, असे नव्हे. ‘दऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : एकदा खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त चिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. संकेतांक मात्र भिन्न असतात. ‘ॲ’ ह्या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तोपर्यंत कोणी ‘अ’वर चंद्र देत, कोणी हिंदी वळणाचे ‘ऍ’ वापरीत. परिणामी ॲरिस्टॉटलवरील मराठी ग्रंथ एकाच तालिकेत तीन ठिकाणी विखुरलेले असू शकतात.

ह्यानंतरचा प्रश्न लेखनपद्धतीचा. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या दीडशे वर्षांच्या मुद्रित वाङ्मयात ते सर्वत्र आहेत. वि. का. राजवाडे यांच्या ज्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तिचे नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे आहे. आजचा विद्यार्थी ‘इतिहासाची साधने’ असे लिहून शोध घेणार, हे उघड आहे. मुखपृष्ठावरील नाव जसेच्या तसे उतरविणे हा तालिकाकाराचा धर्म आहे व तो त्याने सोडू नये. मात्र त्याच नोंदीत आजच्या लेखनातील रूप पर्यायी नाव म्हणून देणे हेही त्याचे कर्तव्य ठरते. एका रूपासाठी दुसऱ्याचा बळी देण्याचे कारण नाही.

याहून खोलवर जाणारी गोष्ट मराठीच्या रूपविचाराची. मराठी नाम विभक्तिप्रत्यय घेण्यापूर्वी सामान्यरूप धारण करते. एखाद्या कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्याने ‘ऊस’ हा शब्द दिला आणि ग्रंथाच्या नावात ‘उसाची लागवड’ असे शब्द असले, तर दोहोंचे पहिले अक्षरदेखील जुळत नाही. ‘मूल’ शोधणाऱ्याला ‘मुलांचे’ सापडत नाही, ‘फूल’ शोधणाऱ्याला ‘फुलांची’. शोधप्रणालीला असे रूपनियम शिकविता येतात. हिंदीसाठी तशी साधने मुक्त प्रणालींत आहेतही. पण हिंदीचे नियम मराठीला लावून भागत नाही. मराठीचे नियम मराठीच्या अभ्यासकांनीच बांधून द्यावे लागतील.

व्यक्तिनामांचेही असेच आहे. ‘कुसुमाग्रज’ ह्या नावाने कविता आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ ह्या नावाने नाटके लिहिणारी व्यक्ती एकच, हे मराठी वाचक जाणतो. यंत्र जाणत नाही. प्रमाण नामसूची करून अशी नावे परस्परांशी जोडल्यावाचून एका लेखकाचे साहित्य तालिकेत दोघांचे होऊन बसते.

आता केवळ नोंदीच नव्हे, तर ग्रंथ व प्रबंधही पडद्यावर उपलब्ध होत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले आणि ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. तथापि पानाची प्रतिमा म्हणजे मजकूर नव्हे. अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत अक्षरबद्ध झालेले आहेत. त्यांत दिसते देवनागरी, पण मागे संकेतांक रोमन अक्षरांचे असतात. त्यांतील मजकुरात शोध घेणे म्हणजे कुलुपाला दुसऱ्याच दाराची किल्ली लावणे होय. ‘टेसरॅक्ट’सारख्या मुक्त प्रणाली छापील मराठी अक्षरे ओळखतात, परंतु शिळाप्रेसवरील फिकट पोथ्या व जुने जोडाक्षरांचे खिळे यांपुढे त्या अडखळतात, आणि त्यांचे काम माणसाने तपासावेच लागते. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले असले, तरी मोडी कागदपत्रांचे वर्णन करण्यास मोडी वाचणारा जाणकारच हवा.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर संशोधनाच्या व्यवहारातच आहे. शोधाला शून्य उत्तर मिळालेला विद्यार्थी तालिकेला दोष देत नाही. ‘ह्या विषयावर मराठीत लेखन झालेले नाही’ असा निष्कर्ष तो काढतो. तो निष्कर्ष प्रबंधात जातो, आणि पुढचा संशोधक त्याचाच आधार घेतो. अशा रीतीने कपाटात सुखरूप असलेला ग्रंथ ज्ञानाच्या परंपरेतून मात्र बाद होतो.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता. ग्रंथांची व भाषेची जाण होती. आज यंत्र आहे. त्याला ह्या जाणेची जोड हवी. अक्षरांचे संकेत एकरूप करणे, जुन्या-नव्या लेखनरूपांची सांगड घालणे आणि नामे व सामान्यरूपे यांचे संबंध यंत्रास समजतील असे नोंदविणे, ही कामे ग्रंथालयाने एकट्याने करावयाची नसून भाषाविभागाच्या साहाय्याने करावयाची आहेत. यंत्रे दर काही वर्षांनी बदलतील. एकदा नीट केलेली नोंद मात्र प्रत्येक नव्या यंत्रात वाचकाच्या उपयोगी पडेल.