दोन नकारांचा होकार

संगणकाच्या प्रोसेसरला केवळ अंकांची भाषा कळते. माणसाला वाचता येतील अशा सांकेतिक आज्ञांचे त्या अंकांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस असेंब्लर म्हणतात. सायमन टॅथम व ज्युलियन हॉल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला 'नॅसम' अर्थात नेटवाइड असेंब्लर हा या प्रकारातील सुपरिचित मुक्त स्रोत प्रकल्प होय.

नॅसम स्वतः मात्र 'सी' भाषेत लिहिलेला आहे. तो यंत्रावर चालण्यापूर्वी कंपायलरच्या हातून जावा लागतो. म्हणजे भाषांतरकाराचेच आधी भाषांतर होते. कंपायलर जुना वा सदोष असेल, तर मूळ लेखन बिनचूक असूनही असेंब्लर चुकू शकतो, आणि ती चूक त्याने घडविलेल्या आज्ञावलींत मुकाट्याने उतरते.

एक उदाहरण पाहू. 'सी'च्या १९९९ च्या प्रमाणकाने 'होय-नाही' एवढेच जाणणारा स्वतंत्र प्रकार दिला. शून्याखेरीज कोणतीही संख्या त्यात रूपांतरित केली की तिचा १ होतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत ही सोय २०१३ च्या आवृत्तीत आली. ज्या कंपायलरांत ती नाही, त्यांच्यासाठी नॅसमने साध्या गणन-प्रकारावर काम भागविले आहे. परंतु या पर्यायात २ घातले तर २ च राहू शकतात. पुढे कोणी 'हे १ आहे काय?' असे विचारले, की होकाराचा नकार होतो! म्हणून तेथेच इशारा लिहून ठेवला आहे: थेट रूपांतर करू नये, नकाराचे चिन्ह दोनदा लावावे. पहिल्या नकाराने २ चे शून्य होते, दुसऱ्याने शून्याचा १. नवा कंपायलर असो वा जुना, उत्तर एकच.

डीजेजीपीपी व सिगविन यांची तऱ्हा आणखी निराळी. प्रमाणकाच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरताच त्यांच्या शीर्ष-फायली बिघडतात; नॅसमने तेथे तो आग्रहच मागे घेतला आहे. व्यवहारचातुर्य म्हणतात ते हेच.

वापरणाऱ्याने कंपायलरच बदलावा, असे कोणी म्हणेल. परंतु जुन्या यंत्रणेवर काम करणाऱ्यास ते नेहमीच शक्य नसते. अर्थात या सोयीचे मोलही द्यावे लागते. नव्या कंपायलरवर काम करणाऱ्या सहकाऱ्यास दुहेरी नकार निरर्थक वाटून तो काढून टाकावासा वाटेल, आणि त्याच्या यंत्रावर काहीच बिघडणार नाही. बिघाड दिसेल तो दुसऱ्या कोणाच्या तरी जुन्या यंत्रावर. तो टळावा म्हणून या तडजोडी एका शीर्ष-फायलीत, कारणांच्या टिपांसह, एकत्र ठेवलेल्या आहेत.