सगळ्यांचा वाढदिवस

जेवणघरात फुगे लावलेले आहेत. मधोमध केक आहे आणि प्रत्येक मुलासाठी भेटवस्तूंचं एक खोकं आहे. आज कुणाचा वाढदिवस, असं विचारलं तर उत्तर मिळतं, सगळ्यांचा! सहा ते बारा वर्षांची ही मुलं. यांतल्या काहींसाठी कधी कुणी केक आणलेलाच नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाता जाता वाढदिवसाची तारीख मागेच राहून गेलेली असते.

अमेरिकेतल्या ‘रॉयल फॅमिली किड्स’ या उन्हाळी शिबिरातला हा ठरलेला सोहळा. वेन आणि डायॅन टेश या दांपत्याने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे हे काम सुरू केलं. आता अनेक राज्यांत अशी शिबिरं भरतात. त्या त्या गावातलं चर्च शिबिराची जबाबदारी घेतं, पैसे उभे करतं, सुट्ट्या काढून काम करणारी माणसं जमवतं. मुलांना एक पैसाही पडत नाही.

गरजू मुलांना उन्हाळ्यात मोकळ्या हवेत न्यायची कल्पना जुनी आहे, आणि तिच्या मुळाशीही चर्चचे पाळकच होते. हेर्मान वाल्टर बिऑन आधी स्वित्झर्लंडमधल्या आपेनझेलच्या डोंगराळ भागात पाळक होते, नंतर झुरिकला आले. शहरातली फिकट, अशक्त मुलं पाहून १८७६ मध्ये त्यांनी ६८ मुलांना त्याच डोंगरांत सुट्टीसाठी नेलं. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन या छोट्या गावच्या विलर्ड पार्सन्स या पाळकांनी आपल्या मंडळीला साद घातली : न्यूयॉर्कच्या कोंदट वस्त्यांतली मुलं थोडे दिवस तुमच्या घरी राहू द्या. त्यातून उभा राहिलेला ‘फ्रेश एअर फंड’ आजही काम करतो. त्या काळात क्षयाची धास्ती होती, म्हणून स्वच्छ हवा आणि पोटभर दूध हेच औषध मानलं जाई.

टेश दांपत्यासमोरच्या मुलांचं दुखणं हवेनं बरं होणारं नव्हतं. ही मुलं फॉस्टर केअरमधली. घरात मारहाण, अत्याचार किंवा टोकाची हेळसांड झाली की सरकारी यंत्रणा मुलाला तिथून काढते आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात ठेवते. २०२३ मध्ये अमेरिकेत अशी सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं होती. काहींची घरं पुनःपुन्हा बदलतात. भावंडांची ताटातूट होते. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून मूल नव्या दारात उभं राहतं, ही तिथल्या समाजसेवकांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट. अशा मुलाचा मोठ्या माणसांवरचा विश्वास उडालेला असतो. तो परत मिळवायचा, आणि त्यासाठी हाताशी दिवस पाच.

म्हणून शिबिराचे नियम कडक आहेत. येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासतात, मुलाखत घेतात, प्रशिक्षण देतात. साधारण दोन मुलांमागे एक मोठं माणूस असतं. पण कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर एकटं राहत नाही. शिबिराची जागा जाहीर करत नाहीत, मुलांची ओळख बाहेर जाऊ देत नाहीत. उपाशी राहिलेलं मूल ताटातलं खाणं खिशात लपवतं, रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं. त्यावर न ओरडता, चारचौघांत न बोलता चादर बदलायची, हीही तिथली सेवाच.

शिबिरातली नाती मला सगळ्यांत मोलाची वाटतात. काही स्वयंसेवक शिबिराचे आजी-आजोबा होतात, काही काका-काकू. हे केवळ लाडाचं बोलावणं नसतं, ते त्यांना नेमून दिलेलं काम असतं. आजीने मुलाजवळ बसायचं, ते सांगेल ते ऐकायचं, घाई करायची नाही. मे महिना उजाडला की मामाच्या गावाला जाणाऱ्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण तिथे गेलो ते आंब्यांसाठी आणि विहिरीसाठी, असं आपल्याला वाटत राहिलं. खरं तर ओट्यावर कुणीतरी आपली वाट पाहत बसलेलं असायचं, त्यासाठी गेलो.

निघताना प्रत्येक मुलाच्या हाती फोटोंचा अल्बम पडतो. पोहताना, मासे पकडताना, केकसमोर हसताना, पानोपानी ते स्वतःच. ज्याच्याकडे आपल्या बाळपणाचा एकही फोटो नाही, त्याला आपण हसलो होतो याचा पुरावा मिळतो. पुढच्या घरी जाताना तो पिशवीत मावतो.

शिबिर ख्रिस्ती आहे आणि ते लपवत नाही. तिथे भक्तिगीतं होतात, पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या जातात. सरकारच्या ताब्यातल्या मुलांपुढे धर्म मांडावा का, हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राला तो नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या मुली आणून आसरा दिला, तेव्हाही तो विचारला गेला आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या संदर्भात आजही विचारला जातो. माझ्यापुरतं उत्तर असं : मूल दुबळं आहे, म्हणून त्याच्यावर श्रद्धा लादू नये, पण श्रद्धेपोटी कुणी त्याची ओली चादर रात्री दोन वाजता बदलत असेल, तर त्या श्रद्धेला मी हात जोडतो.

पाच दिवसांनी आयुष्य बदलत नाही, हे शिबिर चालवणाऱ्यांनाही उमगलं. म्हणून पुढे वर्षभराचे मेळावे आले, एका मुलाला एक मोठं माणूस नियमित भेटेल अशी सोय आली. उन्हाळा संपला तरी नातं संपू नये, ही त्यामागची शहाणीव.

आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, बालगृहं आहेत. मे महिन्यात ज्यांना न्यायला कुणी येत नाही, अशी मुलंही आहेत. आपण त्यांच्याकडे जातो ते बहुधा आपल्या मुलाचा वाढदिवस साजरा करायला. केक आपला, टाळ्या त्यांच्या. या वर्षी एवढं करा. जवळच्या बालगृहाच्या अधीक्षकांना भेटा, बाल कल्याण समितीची रीतसर परवानगी आणि नियम समजून घ्या, आणि विचारा : तुमच्याकडच्या मुलांचे वाढदिवस कधी असतात? ज्याची तारीख कुणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी एक दिवस ठरवा. आणि पुढच्या वर्षी त्या दिवशी पुन्हा जा.