लोहगड–विसापूर

महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील एक इतिहासप्रसिद्ध दुर्गजोडी. मावळ तालुक्यात, पुणे–लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकाच्या दक्षिणेस हे दोन गिरिदुर्ग असून त्यांच्यामध्ये गायमुख ही खिंड आहे. लोहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. १,०३३ मी., तर विसापूरची सु. १,०८४ मी. आहे. उंचीतील हा अवघा पन्नास मीटरांचा फरक लोहगडाच्या भवितव्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

बोरघाटाच्या माथ्यावरील प्रदेश व पवन मावळ यांवर नजर ठेवण्यास लोहगड सोयीचा होता. एके काळी निजामशाहीच्या ताब्यात असलेला हा गड पुढे मराठ्यांकडे आला. पुरंदरच्या तहान्वये (१६६५) मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत त्याचा समावेश होता. १६७० मध्ये तो मराठ्यांनी परत घेतला. उत्तर पेशवाईत नाना फडणीसाने गडाची डागडुजी करून काही नवे बांधकाम केले. नानाच्या मृत्यूनंतर (१८००) त्याची पत्नी जिऊबाई काही काळ या गडाच्या आश्रयास होती. मार्च १८१८ मध्ये प्रॉथर याच्या ब्रिटिश फौजेने प्रथम विसापूर घेतला. वरच्या अंगास शत्रूच्या तोफा येताच लोहगड लढविणे व्यर्थ ठरले व दुसऱ्याच दिवशी तो पडला.

दोन्ही किल्ले एका दिवसाच्या पायी सहलीत पाहता येतात. मळवलीहून निघून प्रथम भाजे येथील लेणी पाहावीत. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या येथील चैत्यगृहामुळे या वाटेचे प्राचीनत्व ध्यानात येते. पुढे चढणीच्या रस्त्याने गायमुख खिंडीत आल्यावर उजवीकडे लोहगड व डावीकडे विसापूर दिसतो.

लोहगडवाडीतून पायऱ्यांनी चढताना गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. त्यांपैकी हनुमान दरवाजा सर्वांत जुना समजतात. दरवाजांची ही नागमोडी मांडणी गडाचे खरे वैशिष्ट्य होय. वाट प्रत्येक वळणावर वरच्या तटाच्या माऱ्यात येते. हल्लेखोराला धावून जाण्यास वा एकवटण्यास जागा मिळत नाही. ही योजना आजही तितकीच परिणामकारक आहे : जुलै २०२३ मधील एका रविवारी पर्यटकांची एवढी दाटी झाली की, वर-खाली करणारे लोक याच वळणांत दीर्घकाळ अडकून पडले. पावसाळ्यातील सुटीचा दिवस त्यामुळे टाळणेच इष्ट.

माथ्यावर दर्गा, महादेवाचे देऊळ, खडकात खोदलेली लक्ष्मी कोठी व नानाच्या काळातील सोळाकोनी तळे आहे. वायव्येस सु. दीड किमी. लांबीची अरुंद सोंड पसरली असून नांगीसारख्या आकारामुळे तीस विंचूकाटा म्हणतात. तिच्या टोकापर्यंत जाण्यास मधला खडकाळ टप्पा उतरावा लागतो. ओल्या खडकावर तो धोक्याचा असतो. येथून पवना जलाशय, तुंग व तिकोना हे किल्ले दिसतात.

बहुतेक प्रवासी येथूनच परततात आणि लोहगड का पडला, हे न पाहताच जातात. त्यासाठी विसापूर चढावयास हवा. त्याची खिंडीकडील वाट एका घळीतून जाते. पावसाळ्यात तिच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा वाहतो व वाट चुकण्याचाही संभव असतो. माथा विस्तीर्ण पण ओसाड आहे. ब्रिटिशांनी दरवाजे पाडल्यामुळे प्रवेशमार्ग भग्नावस्थेत आहेत. तथापि लांबच लांब तटबंदी, पाण्याची टाकी व चुन्याचा घाणा अवशिष्ट आहे. पश्चिमेकडील तटावर उभे राहिले असता लोहगडाचा माथा खाली उघडा पडलेला दिसतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या भ्रमंतीस उत्तम. विसापूरवर सावली नसल्याने पिण्याचे पाणी पुरेसे बरोबर असावे आणि उतरण अंधार पडण्यापूर्वी पुरी करावी.

लोहगड हे केंद्र शासनाने संरक्षित केलेले स्मारक आहे. भिंतींवर नावे कोरणे वा चिरे ढकलणे हा अशा स्मारकांबाबत १९५८ च्या अधिनियमानुसार दंडनीय अपराध असून २०१० च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वाढविण्यात आली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या बारा मराठा किल्ल्यांत लोहगड आहे. विसापूर मात्र त्या यादीत नाही.