बेरजेतला खोळंबा

प्रोग्राम अगदी साधा होता. ० ते २५५ मधल्या, कशाही क्रमाने आलेल्या संख्यांची लांबलचक यादी घ्यायची आणि त्यातल्या १२८ किंवा त्याहून मोठ्या संख्यांचीच बेरीज करायची. हजारो फेऱ्या करून मी वेळ मोजत होतो. कंपायलरची ऑप्टिमायझेशन मुद्दाम बंद ठेवली होती. मग यादी आधी चढत्या क्रमाने लावून तेच पुन्हा चालवलं. संख्या त्याच, उत्तरही तेच, पण वेळ निम्म्याहून कमी! विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं.

कारण प्रोसेसरच्या पाइपलाइनमध्ये होतं. प्रोसेसर एक सूचना पुरी करून मग दुसरी हातात घेत नाही. सूचना आणणं, तिचा अर्थ लावणं, ती अमलात आणणं, मेमरीशी देवघेव, उत्तर रजिस्टरमध्ये ठेवणं: पहिली सूचना एक टप्पा पुढे सरकली की मागची तिच्या जागी शिरते. एकेका सूचनेचा वेळ घटत नाही, पण पाइपलाइन भरलेली असली तर प्रोसेसरच्या घड्याळाच्या दर ठोक्याला एक सूचना पुरी होऊन बाहेर पडते.

अडतं ते ‘जर’पाशी. संख्या मोठी की लहान हे कळण्याआधीच पुढच्या सूचना आणायच्या असतात, म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो. तो चुकला की अर्धवट झालेलं काम टाकून द्यावं लागतं. आजच्या प्रोसेसरमध्ये त्यापायी पंधरा-वीस ठोके वाया जाऊ शकतात. क्रमवार यादीत आधी सगळे ‘नाही’, मग सगळे ‘हो’. अंदाज चुकतो तो जेमतेम सीमेवर.

मग काम चार थ्रेडमध्ये तोडून प्रोसेसरच्या चार कोअरवर वाटलं. चारही थ्रेड एकाच बेरजेत भर घालू लागले आणि उत्तर दर वेळी वेगळं येऊ लागलं. दोघांनी जुनी बेरीज एकदमच वाचली, की एकाची भर हरवते. एका वेळी एकालाच बेरीज बदलता यावी म्हणून लॉक लावलं, उत्तर बरोबर आलं, पण एकट्या थ्रेडपेक्षाही जास्त वेळ लागला. शेवटी प्रत्येकाला स्वतःची बेरीज दिली आणि अखेरीस त्या चार एकदाच मिळवल्या. तेव्हा कुठे चार कोअरचं चीज झालं.

पण अशा वाटणीलाही मर्यादा असते, हे संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून. तिथेही प्रत्येक प्रोग्रामपुढे पहिला प्रश्न वाटणीचाच होता.

आता संथ प्रोग्राम समोर आला, की नव्या यंत्राची किंमत बघण्याआधी मी शोधतो: इथे कोण कुणासाठी ताटकळलंय?