घराणे बदलावे की नाही?

गाणाऱ्याला ‘आपले घराणे कोणते?’ असे विचारले तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण गळ्यात कॅमेरा अडकवलेली दोन अनोळखी माणसे आगगाडीत समोरासमोर आली, की तीही पाच मिनिटांत एकमेकांना हेच विचारतात. शब्द तेवढे निराळे. ‘निकॉन की कॅनन?’ उत्तर जुळले तर चहा मागवला जातो. न जुळले तर ‘तेही चांगलेच आहे म्हणा’ असे पुटपुटून समोरचा खिडकीबाहेर पाहू लागतो. आणि गाण्यातल्याप्रमाणे इथेही खरा पेच घराणे निवडताना पडत नाही, बदलताना पडतो.

घराणे बदलणे हे काही पाप नव्हे. आपल्या बडोद्यात फैजमहंमदखाँसाहेबांजवळ शिकलेले भास्करबुवा बखले पुढे नत्थनखाँकडे आणि नंतर अल्लादियाखाँकडे गेले, आणि तिन्ही गायक्या त्यांच्या एका गळ्यात सुखाने नांदल्या. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंनीही अब्दुल करीमखाँ, वझेबुवा, बखलेबुवा असे निरनिराळे उंबरठे ओलांडल्यावर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. तेव्हा बदलाला कोणाची ना नाही. प्रश्न एवढाच, की जाताना जुन्यातले बरोबर काय नेता येते? गवयाला गळा नेता येतो. छायाचित्रकाराला लेन्सा नेता येत नाहीत.

हा सगळा विचार मला करावा लागला तो सुर्ल्याच्या संकासुरापायी.

सुर्ला म्हटले, की जाणकार लगेच ‘ते कदंबांच्या काळचे महादेवाचे देऊळ ना?’ असे विचारतात. ते तांबडी सुर्ला; दूर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. सत्तरीत चोर्ला घाटाच्या अंगाला आणखी एक सुर्ला आहे. आमचे मूळ गाव ते डिचोली तालुक्यातले सुर्ला, मांडवीच्या बाजूचे. (आम्हां बडोदेकरांना मांडवी म्हणजे दरवाजा, गोव्यात ती नदी आहे.) अनेक वर्षे या भागाची ओळख लोहखनिजाच्या खाणी हीच होती. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. ट्रकांची रांग थांबली तरी माती तांबडी ती तांबडीच. सुर्ल्याच्या वाटेवर कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी लावणे हे भरल्या पेठेत पाकीट उघडण्यासारखे आहे. जे करायचे ते घरात, दार लावून करावे.

आमची शाखा चार पिढ्यांपूर्वी बडोद्यास आली. काकांची तिथेच राहिली. काका गावच्या हौशी मंडळींत दशावतारी काल्यात संकासुर करतात. कार्तिकानंतर काल्यांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास देवळाच्या मंडपात गणपती आणि सरस्वती येऊन गेल्यावर काळा झगा घातलेला, डोक्याला उंच निमुळती काळी टोपी चढवलेला हा संकासुर मृदंगाच्या ठेक्यावर उड्या घेत येतो आणि सूत्रधाराशी आडवेतिडवे बोलून पोरांना हसवतो. काका आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांचे पत्र आले (ते अजून पत्रच लिहितात): ‘यंदाचा शेवटचा. गुडघे नाही म्हणतात. तुला फोटो काढायचा असेल तर ये.’

फोटो मी यापूर्वीही काढले होते. चांगला एकही नव्हता. माझा निकॉन डी-९० हा २००८ सालचा नमुना, चलचित्रण करू शकणारा पहिला डीएसएलआर म्हणून तेव्हा गाजलेला. उन्हात तो आजही उत्तम आहे. पण त्या पिढीच्या कोणत्याही कॅमेऱ्याला, मग तो कोणत्या का घराण्याचा असेना, अपुऱ्या उजेडात संवेदनक्षमता फार चढवली की काळ्या रंगात रंगीत रवा दिसू लागतो. त्यात आमचा नायक आपादमस्तक काळा! शिवाय कॅमेऱ्यातला उजेडमापक जे समोर दिसेल ते मध्यम करडे आहे असे धरून चालतो. काळा झगा पाहून तो बापडा समजतो उजेड कमी आहे, शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, आणि संकासुर राखाडी होऊन वर हललेलाही येतो. मापकाला हाताने आवरून हलण्यावर थोडा उपाय चालतो, पण रवा जात नाही. तेव्हा नवा कॅमेरा घ्यायचा हे ठरले. कोणता, यावर घोडे अडले.

अडवणारा होता माझा भाचा, साखळीला लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय करतो तो. त्याचे सारे घर कॅननचे. फोनवर त्याने सरळच सांगितले, “मामा, आता तरी माझ्याकडे या. तुम्ही नुसती बॉडी घ्या. माझी ८५ आहे, १३५ आहे, ७०-२०० आहे. सुर्ल्याला आलात की हवी ती काढून घ्या. बडोद्याहून ओझे कशाला आणता?”

हे बोलणे सहज झटकून टाकण्याजोगे नव्हते. घराणे बदलण्याचे सर्वांत शहाणे कारण जाहिरातीत नसते. शेजारी कोणाकडे काय आहे, यात असते. खेड्यात जो ट्रॅक्टर चौघांकडे असतो तोच पाचवा घेतो, कारण सुटे भाग आणि सल्ला दोन्ही हाताशी मिळतात.

आता माझ्या पेटीत काय होते ते सांगतो. वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेली ५० मिलिमीटरची निकॉर लेन्स, हाताने फोकस करायची. मी नंतर घेतलेली ८५ मिलिमीटरची, स्वतः फोकस करणारी. पण तिच्या पोटात मोटर नाही, ती कॅमेऱ्यातल्या मोटरच्या स्क्रूवर फिरते. आणि डी-९० बरोबर आलेली साधी १८-१०५. बाहेरच्यास हे सामान किरकोळ वाटेल. पण बॉडी पाच-सात वर्षांनी बदलते आणि चांगली लेन्स मुलाच्या हाती जाते, हा आमच्या घरातला अनुभव आहे.

हे सर्व ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू म्हणजे एक धातूचे कडे. लेन्स जिथे बॉडीला जोडली जाते त्या बैठकीला माउंट म्हणतात. निकॉनने आपले एफ माउंट १९५९ साली काढले आणि आपल्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांवर ते आजवर सोडलेले नाही. मध्ये सुधारणा झाल्या, १९७७ साली ॲपर्चरची खूण कॅमेऱ्यास आपोआप कळवण्याची सोय आली, पण कडे तेच. कॅननने १९८७ साली निराळा निश्चय केला. स्वयंचलित फोकस यायचा होता, तर त्यांनी जुने एफडी माउंट टाकून ईएफ आणले आणि प्रत्येक लेन्समध्येच मोटर बसवली. ज्यांच्याजवळ एफडी लेन्सा होत्या ते घराणे न बदलताही एका रात्रीत बेघर झाले. पण त्या निर्दय निर्णयाचे फळ असे, की नव्वदीच्या दशकात क्रीडांगणाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लांब लेन्सांची रांग दिसू लागली. कितीतरी कसलेले वृत्तछायाचित्रकार निकॉन ठेवून तिकडे गेले. २००७ साली निकॉनचा डी-३ आला, अंधारात पाहणारा, तेव्हा काही परत आले. येणेजाणे असे दोन्ही बाजूंनी चालू असते.

त्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकाचे डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जपानी छायाचित्रकार जून मिकी यांच्यामुळे निकॉर भिंगांची करामत त्यांच्या ध्यानात आली, आणि ती भिंगे आपल्या जर्मन लायका कॅमेऱ्यांवर चढवून ते कोरियाच्या युद्धावर गेले. जपानी भिंगाची कीर्ती पश्चिमेत पसरली ती त्या चित्रांमुळे. लक्षात घ्या, डंकननी कॅमेरा बदलला नाही, भिंग बदलले. आपण आज नेमके उलट करतो.

आपल्याच गावात अखेरची वर्षे काढलेल्या होमाई व्यारावालांचे उदाहरणही घ्या. २०१२ साली त्या गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातले दिल्लीतले प्रसंग त्यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स अशा अगदी भिन्न जातीच्या कॅमेऱ्यांनी टिपले. चित्र पाहून यंत्राचे नाव सांगा म्हटले, तर मला तरी सांगता येणार नाही.

मग घराणे बदलण्यात अडचण काय? माझ्या मते पहिली अडचण हातांची. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवतात त्याच्या उलट दिशेने कॅननची बसते. झूमचे कडेही उलट फिरते. पंधरा वर्षांच्या सवयीने माझे बोट जिथे जाते तिथे दुसऱ्या घरात भलतीच कळ असते. उजेडात बसून हे महिन्याभरात शिकता येईल. पण काल्याची रात्र एकच होती.

दुसरी अडचण वडिलांच्या लेन्सची. भाच्याला वाटत होते, की हे सहज सुटेल, आणि त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. लेन्सच्या बैठकीपासून चित्र उमटते त्या पडद्यापर्यंतचे अंतर निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर आहे, कॅननच्या ईएफमध्ये ४४. त्या अडीच मिलिमीटरच्या फटीत एक जोडकडे बसते, म्हणून निकॉनची लेन्स कॅननवर चढते. उलट नुसत्या कड्याने जमत नाही. दूरचे काही स्पष्टच येत नाही. पण चढलेली लेन्सही पाहुणीच. ॲपर्चर हाताने मिटायचे, ८५ चा फोकसही हाताने करायचा. सासरी गेलेल्या मुलीला कोणी बोलायलाच बसू नये, तसे.

भाच्याचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड होता. “मामा, आरसेवाले कॅमेरे आता संपत आले.” २०१८ साली निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ अशी नवी माउंटे काढली, बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी. नवे संशोधन सारे तिकडे चालले आहे. पेन्टॅक्सने तेवढा आरशाचा हट्ट सोडलेला नाही. सोनीने २००६ साली मिनोल्टाकडून घेतलेले ए माउंट २०२१ मध्ये गुंडाळले. उद्या भाचा नव्या वाड्यात जाईल, तर जोडकड्याने त्याच्या सगळ्या ईएफ लेन्सा पूर्वीसारख्याच चालतील. माझी स्क्रूवरची ८५ निकॉनच्या जोडकड्यावर फोकस करणार नाही, कारण त्यात मोटर नाही. १९८७ सालचा निर्दयपणा चाळीस वर्षांनी असा कामास आला, आणि जुने न सोडणाऱ्याची गाठोडी जड झाली. हे मला मान्य करणे भाग आहे.

तरी मी गेलो नाही. ज्या गोष्टीने तराजू कलला ती इतरांना क्षुल्लक वाटेल. डी-९० वर वडिलांची ५० बसत असे, पण मुकी. तिच्यातून आलेला उजेड तो कॅमेरा मोजतच नसे. अंदाजाने चालवावे लागे. निकॉनच्या वरच्या पायरीवरच्या बॉडींना ती ॲपर्चरची खूण वाचणारी छोटी खिट्टी असते. २०१४ सालच्या डी-७५० ला ती आहे, स्क्रूची मोटर आहे, आणि पडदा जुन्या फिल्मएवढा पूर्ण आकाराचा आहे. म्हणजे त्याच घरात एक जिना चढलो, की मुकी लेन्स बोलू लागणार, ८५ खऱ्या अर्थाने ८५ होणार, आणि १८-१०५ देखील कापलेल्या चौकटीत का होईना चालणार. दुसऱ्या घरी याच पायरीला छोट्या पडद्याच्या ईएफ-एस लेन्सा बसतच नाहीत. बडोद्यातच एका गृहस्थांकडून वापरलेला डी-७५० मिळाला. शटर अठ्ठावीस हजार वेळा उघडलेले, आणि त्याची चाचणी दीड लाखांची. वाचलेल्या पैशांत आर्द्रतामापक लावलेली हवाबंद पेटी घेतली. गोव्याचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला भिंगावरची बुरशी काय चीज आहे हे सांगायला नको. नवा कॅमेरा घेणाऱ्यांनी ही पेटी आधी घ्यावी, असे मी म्हणेन.

काल्याच्या रात्री भाचा एका खांबाशी, मी दुसऱ्या खांबाशी. मंडपात एलईडी दिवे आले होते, आणि त्यांनी नवाच उपद्रव मांडला. आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर असे पुष्कळ दिवे सेकंदास शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यास कळत नाही, पण शटर फार वेगाने चालवले की चित्रावर काळपट पट्टे येतात. १/१०० सेकंद ठेवले की एक लुकलुक पूर्ण आत येते आणि पट्टे जातात. पण १/१०० ला उडी मारणारा संकासुर पुसटतो. इथे कोणत्याच घराण्याचा उपयोग नव्हता. मृदंग ऐकत राहिलो. काका समेवर क्षणभर थबकतात, टोपी मागे टाकून. ती सम धरायची.

वडिलांची ५०, ॲपर्चर २.८, आयएसओ ६४००. चौदा समांपैकी तीन साधल्या. मध्येच भाचा आला आणि ती लेन्स मागून घेऊन गेला. खिशात जोडकडे होतेच त्याच्या. त्याचीही दोन चित्रे चांगली आली आहेत.

पहाटे दहीहंडी फुटल्यावर काका ओसरीवर रंग पुसत बसले होते. त्यांना कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र दाखवले. झगा काळा होता, टोपीची किनार दिसत होती, डोळ्यांत दिव्याचा ठिपका होता. त्यांनी चष्मा मागवला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मागे झांजवाला जांभई देतो आहे रे. तो कापून टाक.”

भाच्याने त्यांच्या प्रतीतून झांजवाला कापून दिला. माझ्या प्रतीत तो आहे.