दाणे येतात कुठून?

लकडगंजातल्या आरामशीनचा भरदुपारी फोटो काढणं म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षाच. दाराबाहेर नागपूरचं ऊन, आत पत्र्याखाली अंधार, त्यात सागवानाचे ओंडके. ऊन सांभाळलं तर ओंडके काळे ठिक्कर. मग संगणकावर तो अंधार उजळायला जावं, तर त्यातून रंगीत दाणे वर येतात.

डीएक्सओमार्क ही फ्रेंच संस्था सेन्सरला गुण देते ते तीन मापांवरून: रंगांच्या किती बारीक छटा वेगळ्या राहतात, ऊन आणि सावली यांतलं किती अंतर एका फोटोत मावतं, आणि दाणे आटोक्यात ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, किती चढवता येतो. २०१२ साली आलेल्या निकॉन डी८०० ला ९५ गुण मिळाले, त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क ३ ला ८१. केवढी दरी! पण ती मुख्यतः दुसऱ्या मापातली: निकॉन १४.४ स्टॉप, कॅनन ११.७ (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). आयएसओच्या मापात दोघे जवळजवळ शेजारी. म्हणजे ओंडक्यांवरचा अंधार उजळताना निकॉन खरोखर जिंकतो. रात्री त्याच लकडगंजात आयएसओ चढवून फोटो काढले तर फरक शोधत बसावं लागेल.

असं का, हे कळलं की थक्क व्हायला होतं. प्रकाश सलग येतच नाही. फोटॉन सुटेसुटे, कसलाही ताल न धरता येऊन पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० पडत असतील, तर दरवेळी शंभरेक इकडेतिकडे होणारच: १ टक्का. शंभरच पडले तर दहाएक: १० टक्के. अंधारातले बरेचसे दाणे हे असे, उजेडाचेच! उद्या अगदी निर्दोष सेन्सर बनला तरी ते राहतील. इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची खरखर त्यात मिसळते, पण ती जाणवते फक्त गडद कोपऱ्यांत. कॅननचे गुण गेले ते तिथेच.

मग उजेडच जास्त आत घ्यावा! स्वस्त कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ पर्यंतच उघडते; ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स जवळपास दहापट प्रकाश आत सोडते, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त. डीएक्सओमार्कच्या हिशेबात एक स्टॉप साधारण १५ गुणांचा. महागडा सेन्सरही देणार नाही एवढी उडी, जुन्याच कॅमेऱ्यावर. अर्थात एफ १.८ वर पुढच्या ओंडक्याची वर्तुळं स्पष्ट आणि मागची थप्पी धूसर, हे चालवून घ्यावं लागतं.