माणिकबागेतले फर्निचर : ते काय होते आणि कुठे गेले

इंदूरमध्ये महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांचे नाव रोजच्या बोलण्यात आहे. कुणी आजारी पडले की 'एम. वाय.'ला नेतात, आणि 'एम. वाय.' म्हणजे महाराजा यशवंतराव हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसते. दर पावसाळ्यात यशवंत सागर किती भरला याची चर्चा होते. मात्र याच महाराजांनी आपल्या राहत्या घरासाठी करवून घेतलेल्या खुर्च्या, पलंग आणि टेबले आज बघायची म्हटली तर त्यांतल्या बहुतेक वस्तूंसाठी सातासमुद्रापार जावे लागते. नव्या पिढीला ही हकीकत फारशी ठाऊक नाही, म्हणून ती आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

सतराव्या वर्षी गादी

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. आजोबा शिवाजीराव यांनी १९०३ साली गादी सोडली होती. वडील तुकोजीराव (तृतीय) यांच्यावरही तीच वेळ आली. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. त्यांच्यासोबत मुमताज बेगम होत्या, ज्या इंदूर दरबार सोडून निघून गेल्या होत्या. खटल्याचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. इंग्रज सरकारने चौकशी आयोगाचा पर्याय पुढे ठेवताच तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये राज्यत्याग केला. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे ते ऑक्सफर्डला शिकले आणि १९३० मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह त्याआधीच, १९२४ साली झाला होता.

म्हणजे तरुण राजाच्या वाट्याला आलेल्या गादीमागे दोन राज्यत्याग होते. वडिलांचा लालबाग आपण सर्वांनी पाहिला आहे : सोनेरी नक्षी, संगमरवर, झुंबरे, जड युरोपीय फर्निचर. मुलाने स्वतःसाठी बांधले ते घर याच्या अगदी उलट होते.

बर्लिनचा वास्तुकार, पॅरिसचे कारागीर

ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली. वयाने दोघे जवळपास सारखेच. माणिकबागेचे काम १९३० मध्ये सुरू झाले आणि १९३३ च्या सुमारास पुरे झाले. दारे, खिडक्या, दिवे असे कितीतरी भाग जर्मनीत तयार होऊन जहाजाने आले. माळव्याचा उन्हाळा लक्षात घेऊन हवा थंड ठेवण्याची यंत्रणाही बसवली गेली. भिंती साध्या, रंग मोजके आणि कोरीवकाम जवळजवळ नाहीच.

घरातल्या वस्तूंसाठी त्या काळच्या युरोपातील उत्तम हात निवडले गेले. महाराजांच्या अभ्यासिकेचे फर्निचर पॅरिसच्या एमील-जाक रूलमान यांचे होते, गडद पट्टे असलेल्या मॅकॅसर आबनुसाचे. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी धातू आणि काच वापरून पलंग केले. आयलीन ग्रे यांची 'ट्रान्सॅट' खुर्ची होती. तिचे रूप अटलांटिक पार करणाऱ्या जहाजांच्या डेकवरील आरामखुर्चीवरून घेतलेले. ल कॉर्ब्युझिए, पियर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांची पाय लांब करून पहुडण्याची खुर्ची इथे बिबट्याच्या कातड्याने मढवून आली. वाचनालयासाठी मुथेसियसने स्वतः लाल खुर्च्या आखल्या. वाचणाऱ्याच्या खांद्यावरून उजेड पडावा म्हणून त्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले होते. गालिचे इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे, तर चांदीची भांडी जाँ प्युइफोर्का यांची.

या यादीत दरबाराला साजेशी वस्तू जवळजवळ नाही. झोपायला, वाचायला, लिहायला, निवांत पडायला लागणाऱ्या या वस्तू आहेत. चित्रकार बर्नार बूते द मोंव्हेल याने महाराजांची दोन चित्रे काढली. एकात ते पाश्चात्त्य पोशाखात उभे आहेत, तर दुसऱ्यात मराठी पगडी घालून बसले आहेत. ही दोन्ही रूपे त्यांना निभवावी लागत होती. आम्हाला वाटते की माणिकबागेत त्यांनी तिसरी जागा शोधली. तिथे राजाला राजा म्हणून बसावे लागत नव्हते.

घर रिकामे होत गेले

हे सुख फार टिकले नाही. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजेंचे निधन झाले. त्यांची ऐन विशी चालू होती. महाराजांनी शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतली तीन शिल्पे घेतली होती आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधण्याचा विचार होता. ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला येऊनही गेले, पण मंदिर उभे राहिले नाही. पुढे महाराज बराच काळ परदेशी राहिले. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि ते उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. अशा मोठ्या घरांचा खर्च चालवणे मग अवघड होऊन बसले.

माणिकबागेतले फर्निचर २५ मे १९८० रोजी मोनॅको येथे सॉदबीज कंपनीच्या लिलावात विकले गेले. ब्रांकुशीचे काळे आणि पांढरे पक्षी त्याआधीच ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात पोहोचले होते. माणिकबागेची वास्तू इंदुरातच आहे, पण तिथे आता केंद्रीय कर खात्याचे कार्यालय चालते. सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने याच महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले. इंदूरचे घर पुन्हा एकत्र दिसले ते पॅरिसमध्ये.

कायद्याने का अडवले नाही?

हा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा १९७२ सालचा आहे. त्यानुसार फर्निचरसारखी वस्तू पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. १९८० साली माणिकबागेचे फर्निचर पन्नाशीचे होते. कायद्याच्या लेखी ते पुरावस्तू नव्हते, आणि लोकांच्या लेखी ते जुन्या धाटणीचे, पण प्राचीन नसलेले सामान होते. वस्तू हरवतात त्या बहुधा याच वयात. आजोबांची वस्तू 'जुनाट' वाटते, पणजोबांची 'दुर्मिळ' वाटू लागते, आणि मधल्या काळात ती भंगारवाल्याकडे गेलेली असते.

तरीही माणिकबागेची आठवण नाहीशी झाली नाही, याचे कारण कागद. मुथेसियसने खोल्यांची छायाचित्रे काढून ठेवली होती, आराखडे होते. रूलमानसारखे कारागीर आपल्या कामावर नावाचा ठसा उमटवत. लिलावाच्या वेळी छापील सूची निघाली. म्हणून कुठली खुर्ची कुठल्या खोलीत होती, हे आजही सांगता येते. घरातली वस्तू 'होळकरांकडची' आहे असे नुसते सांगून भागत नाही. कुणाच्या हातून, केव्हा, कशी आली ही साखळी दाखवता आली पाहिजे. ती तुटली की उरते ते फक्त चांगले लाकूड.

आपल्या घरांचे काय?

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकर सरकारच्या नोकरीत होते. जुन्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये जाताना शिसवी कपाटे, टेबले, आरामखुर्च्या विकल्या जात आहेत. सगळे ठेवणे कुणालाच शक्य नाही, हे आम्हीही जाणतो. पण वस्तू घराबाहेर जाण्याआधी एवढे करता येईल : तिचा समोरून, मागून आणि खालून फोटो काढा. सुताराचे नाव, दुकानाची चिठ्ठी, क्रमांक किंवा ठसा दिसतो का पाहा. वाडा कुठल्या पेठेत होता, वस्तू कुठल्या खोलीत असे, कोण वापरत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. जुन्या कौटुंबिक फोटोंत ती वस्तू मागे दिसत असेल तर तो फोटोही जोडा. वस्तू ठेवणार असाल तर या टिपणाची एक प्रत खणात चिकटवून ठेवा.

महाराजांच्या घराची नोंद एका परक्या वास्तुकाराने ठेवली. आपल्या घरांची नोंद आपल्यालाच ठेवावी लागणार आहे, आणि विचारण्यासारखी माणसे घरात आहेत तोवरच ते काम सोपे आहे.